जोडीचा टाक

सोनाराने आपला मोबाइल काउंटरवरून माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "मॅडम, आता तुम्हीच सांगा, हे असं नाक टाकावर कसं काढू?" पडद्यावर बाबा होते. शहापूरच्या माझ्या घराच्या गॅलरीत, उन्हाकडे तोंड करून, डोळे बारीक करून बसलेले. फोटो मीच काढलेला होता, मागच्या हिवाळ्यात, आणि भावाला, पंकजला, पाठवला होता. तो फोटो ओहायोला जाऊन परत फिरून बाजारातल्या या दुकानात माझ्याआधी येऊन पोचला होता. बाबा गेले होते, आणि मी त्यांचा टाक, म्हणजे पूर्वज म्हणून देव्हाऱ्यात ठेवतात ती चांदीच्या पत्र्यावरची प्रतिमा, करायला द्यायला म्हणून आले होते. पिशवीत आईचे चांदीचे तोडे होते, जुन्या रुमालात बांधलेले. ते आटवून त्याच चांदीचा टाक करायचा हे बाबांनीच सांगून ठेवलं होतं. सोनार म्हणाला, "ऑर्डर तर झालीय. भावाचा फोन आला होता तुमच्या. चेहरा हुबेहूब पाहिजे, साइज मोठी पाहिजे, आणि मागून हूक." मी म्हटलं, "हूक?" "हूक. भिंतीवर टांगायला. मी म्हटलं, साहेब, देव आहे हा, कॅलेंडर नाय. तर म्हणाले, आमच्याकडे देव्हारा नाय, फॅमिलीची भिंत आहे. डिसेंबरात येऊन घेऊन जाणार म्हणाले." तो बोलत होता आणि मी त्याच्या मागच्या आरशात माझ्याच हातातली पिशवी पाहत होते. बाबा अमेरिकेला जाणार आहेत हे मला सोनाराकडून कळत होतं. राग आला असं म्हणता येणार नाही. दाढेत सुपारीचं खांड अडकावं आणि जीभ सारखी तिथेच जावी, तसं काहीतरी झालं. आणि ते पुढचे कित्येक दिवस तसंच राहिलं.

मी सोनाराला सांगितलं की टाक नेहमीच्या ठशातला करा, जोडीचा, देव्हाऱ्यात बसेल एवढा, आणि हूक नको. तो खूश झाला. त्याच्याकडे बापजाद्यांचा ठसा होता, त्यावर पत्रा ठेवून ठोकला की काम झालं. आमच्या गावच्या देव्हाऱ्यात असे टाक रांगेने उभे आहेत, खापरपणजोबांपासूनचे, आणि सगळे अगदी एकसारखे दिसतात. पुरुषाच्या हातात तलवार, शेजारी बाई, दोघांचे डोळे गोल, चेहऱ्यावर कसलाच भाव नाही. मेल्यावर माणसाने आपलं नाक, आपला स्वभाव, आपला खोकला मागे ठेवून या रांगेत उभं राहायचं असतं. बाबांनी आयुष्यात तलवार धरली नव्हती. तानसाच्या पाइपलाइनवर गस्त घालायचे तेव्हा हातात वेताची काठी असायची, आणि तीही साप दिसला तर उपयोगी पडावी म्हणून. आईचं तर अजून काहीच नव्हतं. आमच्या भावकीत बाई आधी गेली तर तिचा टाक करत नाहीत. नवरा जाईपर्यंत थांबतात, मग दोघांचा मिळून एक. मी कॉलेजात होते तेव्हा आई गेली. तेव्हापासून ती थांबलीच होती. मला हे तेव्हाही संतापजनक वाटलं होतं आणि आजही वाटतं, पण मी ते कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवावं असं माणूस समोर नव्हतं, किंवा असेल तर मी त्याला तसं समजले नाही.

पंकजला मी त्याच दिवशी फोन केला. तो म्हणाला, "ताई, मी तुला सांगणारच होतो." मग म्हणाला, "तसंही तू कुठे देव मानतेस? तुझ्या घरात देव्हारापण नाहीये." हे खरं होतं. माझ्या घरात पुस्तकांची कपाटं आहेत, आणि बाबा राहायला आले तेव्हा त्यांनी फ्रिजवर एक गणपती ठेवला होता, तो अजून आहे, एवढंच. "गावचं घर तर कुलूपबंद," तो म्हणाला. "टाक तिथे ठेवला तर काय, वाळवीसोबत बसतील दोघं? इथे निदान रोज नजरेसमोर राहतील. ताई, मला शेवटचं बघायलाही मिळालं नाही गं." त्याचे कागद तेव्हा कुठल्यातरी खात्यात अडकले होते, देश सोडला असता तर परत आत घेतलं नसतं. अग्नी चुलतभावाने दिला, स्वरूपने. पंकजने ते सगळं मोबाइलवर पाहिलं, आणि मधेच स्वरूपच्या आतेभावाचा अंगठा कॅमेऱ्यावर आल्यामुळे नेमकं तेच पाहायचं राहिलं. हे आठवलं की मला त्याच्यावर चिडता येत नाही, आणि चिडता येत नाही याचीच चीड येते. मी म्हटलं, "बघू." आमच्या घरात 'बघू' याचा अर्थ नाही असाच होता, बाबा सहलीच्या पैशांना बघू म्हणायचे. पंकज तिकडे राहून ते विसरला असावा. तो म्हणाला, "थँक्स ताई."

त्याच आठवड्यात तिसऱ्या वर्षाला मला अमेरिकेच्या इतिहासातलं कुटुंब शिकवायचं होतं. कॉलेजमध्ये दरवर्षी हा भाग माझ्याकडे येतो, कारण दुसऱ्या कुणाला तो नको असतो. वर्गात हर्षाली नावाची मुलगी आहे, उंबरमाळीहून येते, पहिल्या बाकावर बसते. तिने दरवर्षी कुणीतरी विचारतंच तो प्रश्न विचारला, "पण मॅडम, तिकडे फॅमिली असं काय नसतंच ना? आईबापाला आश्रमात टाकतात." बाकीचे माना हलवायला लागले. मला तो प्रश्न नेहमी थकवतो. मी त्यांना सांगते की न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर जी माणसं उतरली त्यांतली पुष्कळशी बायकामुलं घेऊनच उतरली होती, आणि दक्षिणेत व्हर्जिनियात एकटे पुरुष आले तिथे वस्ती कितीतरी वर्षं धड रुजली नाही. पश्चिमेकडे बैलगाड्या गेल्या त्यात पाळणे होते आणि वाटेत पुरलेली माणसं होती. जहाजातून एक भाऊ आधी यायचा, गिरणीत राबायचा आणि मग एकेकाचं तिकीट पाठवायचा. अशी गावंच्या गावं उचलून नेलेली आहेत. मग मी गुलामांबद्दल सांगते. त्यांच्या लग्नाला कायदा लग्न म्हणत नव्हता, मूल विकायचं तर आईला विचारावं लागत नव्हतं. आणि यादवी युद्ध संपल्यावर, सुटका झाल्यावर, त्या लोकांनी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. माझी आई अमुक मालकाकडे होती, तिला तमुक ठिकाणी विकलं, तेव्हा मी लहान होते, कुणाला माहीत असल्यास कळवावे. वीस वर्षांनी, तीस वर्षांनी, अजून देत होते. मालकाचं नाव द्यावं लागायचं, कारण आईला शोधायला दुसरी खूण नव्हती. इथपर्यंत आले की वर्ग शांत होतो. यंदा मी इथपर्यंत आले आणि मलाच पुढचं वाक्य सापडेना. खिडकीबाहेर हायवेवरून कंटेनर जात होता, तो गेला की बोलू असं वाटलं. हर्षालीने हळूच विचारलं, "मॅडम, मग सापडायची का?" मी म्हटलं, "क्वचित." आणि हजेरी घ्यायला लागले, जी मी आधीच घेतली होती.

पंकजची बायको लॉरेन ओहायोतलीच. तिच्या घरची चार पिढ्यांची माणसं एकाच दफनभूमीत आहेत, आणि दर मे महिन्यात ती सगळी भावंडं तिथे फुलं लावायला जातात, गवत कापायची कात्री बरोबर घेऊन. जुलैत त्यांचं कुटुंब-संमेलन असतं, एका बागेत, सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे टीशर्ट, पाठीवर आडनाव. पंकजने तो फोटो पाठवला तेव्हा बाबांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हे सगळे एकाच कंपनीत आहेत का?" ती एकदा इथे आली होती. पारूआत्याच्या चुलीपाशी बसून तिने नाचणीची भाकरी खाल्ली आणि पंकजला मधे घालून आत्याला विचारलं की तुमच्या आईचं नाव काय, तिच्या आईचं काय, तिच्या आईचं काय. आत्याला आपल्या आजीचं नाव माहीत नव्हतं. तिला ते आईची आई म्हणून माहीत होतं, आणि आंधळी होती हे माहीत होतं. लॉरेनला वाईट वाटलं. आत्याला तिला वाईट का वाटलं ते कळेना, तिने तिला आणखी एक भाकरी वाढली. त्या वेळी मला लॉरेनचाही वैताग आला होता. कुटुंब कुटुंब म्हणून इतका जीव टाकणारी माणसं मला उगीचच संशयास्पद वाटतात. ज्यांच्याकडे ते रोज अंथरुणात खोकत असतं त्यांना त्याचं नाव घ्यायलाही वेळ नसतो.

बाबा माझ्याकडे सहा वर्षं होते, आणि सहा वर्षं त्यांनी आपली बॅग रिकामी केली नाही. कपाटातला एक कप्पा मी त्यांच्यासाठी मोकळा केला होता. तो शेवटपर्यंत मोकळाच राहिला. सदरे धुऊन आले की घडी करून परत बॅगेत, बॅग परत खाटेखाली. जिन्यात कुणी भेटलं की म्हणायचे, "सध्या पोरीकडे असतो." त्या 'सध्या'वर मी सहा वर्षं काढली. मुलीच्या घरी बाप राहत नाही, येतो. आणि मुलीचं लग्न झालेलं नसलं तर ते घर तरी कुणाचं म्हणायचं हा त्यांच्यापुढे प्रश्न असावा. संध्याकाळी चहा घेताना ते विचारत, "पंकजचा फोन?" आला असला तरी विचारत, नसला तरी विचारत. मी त्यांची नखं कापायचे, शेवटी शेवटी अंघोळ घालायचे, पाठ चोळताना ते संकोचाने भिंतीकडे तोंड करायचे आणि त्याच वेळी नेमकं पंकजच्या लहानपणचं काहीतरी सांगायचे, कसा पाइपलाइनवरून धावायचा, कसा पडला. मीही धावायचे. पडलेही होते. गुडघ्यावर खूण आहे. मी म्हणायचे, "मान खाली करा, डोळ्यात साबण जाईल." त्यांच्या जाण्यानंतर मी ती बॅग उघडली नाही, आणि ती खाटेखालून काढलीही नाही. माणूस गेल्यावर शोक करायचा असतो असं मी पुष्कळ वाचलं आहे. माझ्या वाट्याला ही एक चिरचिर आली आहे, सकाळी उठल्यापासून, भाजीवाल्यावर, विद्यार्थ्यांवर, गॅसच्या शेगडीवर, आणि ती शोकाच्या जागी आलेली आहे की शोकच असा असतो हे मला कुठल्याही पुस्तकावरून ठरवता आलेलं नाही.

मला टाक हवा होता. हे मी इथे सरळ लिहिते, कारण तेव्हा मी ते स्वतःशीसुद्धा सरळ म्हणत नव्हते. देव म्हणून नको होता. ती चांदी हवी होती, जी आईच्या घोट्यांवर होती, आणि ती दोघं जिथे असतील त्या खोलीत मला असायचं होतं. पण मुलीचे देव तिच्या सासरी असतात. मला सासर नाही, म्हणून मला देवही नाहीत. भावकीच्या हिशेबात मी कुठल्याच देव्हाऱ्यासमोर उभी नव्हते. आणि बाबांना तरी माझ्याकडे राहायला आवडलं असतं का, पुन्हा, कायमचं, ही गोष्ट खाटेखालच्या बॅगेसारखी होती. मला वाटलं होतं की निदान भावकी अडवील. कुंडलिककाका, बाबांचे चुलतभाऊ, बाबांच्या मागे भावकीत सर्वांत मोठे. देव समुद्रापलीकडे नेतात का म्हणून ते आरडाओरडा करतील, टाक गावातच राहील, आणि मला निदान वर्षातून चार वेळा कुलूप उघडता येईल. मी त्यांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "पोरगा ऱ्हातो तिथं टाक जायाचा. मंग तो नाशकाला ऱ्हावो का अमेरिकेला. इमानात काय देवाला उलटी होतेय का?" आणि स्वतःच हसले. परंपरेवर एकदाच भरवसा ठेवला, तर तीही भावाच्या बाजूने निघाली.

टाक दसऱ्याला बसवायचा ठरला. मी सकाळी शहापूरहून एसटीने निघाले, किन्हवली, सरळगाव करत मुरबाडला उतरले, तिथून जीपने गावी. टाक पर्समध्ये होता, आईच्या त्याच रुमालात. दोन्ही बाजूंना भात पिवळं पडायला लागलं होतं आणि जीपमधली एक बाई मांडीवर झेंडूची पाटी घेऊन माझ्या अंगावर रेलून झोपली होती. गावच्या घरात पारूआत्याने आधीच सारवून घेतलं होतं. तिने टाक हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाली, "वैनी बरी दिसते." ती वहिनी म्हणजे आमची आई, आणि तो चेहरा कुणाचाही असू शकला असता. "दादाला मातर मिशी दिलीय गो. त्याला कवा व्हती मिशी?" मी म्हटलं, "ठसाच तसा आहे." "अमेरिकेत लोकांना वाटंल, लय मोठा सरदार व्हता," ती म्हणाली, आणि पदराने नाक पुसलं.

गावात घरात नेटवर्क येत नाही. ते येतं मागच्या टेपाडावर, मोहाच्या झाडाखाली, तेही झाडाच्या एकाच अंगाला. पंकजने टाक बसवायचा तर पंकज समोर पाहिजे, असं कुंडलिककाकांनी सांगितलं. तो मोबाइलवर असला तरी चालेल, पण दिसला पाहिजे आणि टाक घेणारी त्याची ओंजळ दिसली पाहिजे. तेव्हा सगळा देव्हारा टेपाडावर निघाला. पुढे स्वरूप पाट घेऊन, मागे काका तांब्या आणि तांदूळ घेऊन, आत्या निरांजनावर हात धरून, आणि मी पर्स सांभाळत, कारण फोन माझा होता. दिवस कलायला आला होता, तिकडे सकाळ झाली होती. मोहाखाली पाट मांडले. एका पाटावर तांदळाची रास, तिच्यावर टाक. समोर दुसऱ्या पाटावर, जिथे मुलाने बसायचं, तिथे नारळाला टेकवून माझा मोबाइल. आत्याने मोबाइलच्या कव्हरला हळदकुंकू लावलं आणि पडद्यावर अक्षता टाकल्या. एक तांदूळ फोनच्या भोकात गेला. पंकज दिसायला लागला, त्यांच्या स्वयंपाकघरात, अंगात झब्बा, केस ओले. त्याच्या खांद्यामागे लॉरेन, तिने डोक्यावरून ओढणी घेतली होती. ती कुणी सांगितली नसेल, स्वतःहूनच घेतली असणार. मलाही त्या क्षणी तिच्याकडे पाहून बरं वाटलं, आणि त्याचाही राग आला.

"ओंजळ कर रं पंकज," काका म्हणाले.

पंकजने ओंजळ केली आणि कॅमेऱ्यासमोर धरली. इतकी जवळ की पडद्यावर नुसते तळहात दिसायला लागले, रेषांसकट.

"लांब धर. तोंड दिसूं दे. बापाला कळाया नको कोन हाय त्ये?"

स्वरूप हसला. पंकजही हसला, आणि त्याचा चेहरा हसता हसताच विस्कटला. काकांनी टाक उचलला, हळदीच्या पाण्यात बुडवला आणि पडद्याच्या दिशेने नेऊ लागले. तेवढ्यात लॉरेन काहीतरी बोलली. ती पंकजशी बोलली, हळू आवाजात, पण वारा पडला होता आणि ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं, फक्त कळलं दोघांनाच, पंकजला आणि मला. तिने विचारलं, बाबा इतकी वर्षं योगिनीबरोबर, म्हणजे माझ्याबरोबर, राहिले ना, मग आता तिच्याकडून का घ्यायचे? तिला कुणी विचारलं का?

पंकज आमच्याकडे पाहून मराठीत म्हणाला, "काही नाही काका, चालू द्या."

काकांचा हात थांबला. "सून काय तरी इचारते. काय म्हनते गो ती?" हे त्यांनी मला विचारलं. "विधीत काय चुकलं का?"

मी मान हलवली, म्हणजे नाही. पण ते तसेच थांबले होते, बोटांतून हळदीचं पाणी ठिबकत होतं. आता मला भाषांतर करायचं होतं. मी आयुष्यभर हेच करत आले आहे, कुठल्या कुठल्या लोकांनी शेदीडशे वर्षांपूर्वी केलेली बोलणी उंबरमाळीच्या आणि खर्डीच्या मुलांना त्यांच्या भाषेत सांगायची. त्यात माझं स्वतःचं काही नसतं, म्हणून ते मला जमतं. हे वाक्य सोपं होतं. पण त्यात माझं नाव होतं. मी ते जसंच्या तसं सांगितलं तर या तिघांना वाटणार की हिने सुनेच्या तोंडी आपलंच म्हणणं घातलं. नाही सांगितलं, जेवणं झाली का विचारते असं काहीतरी सांगितलं, तर काका पुढे होतील, पंकजच्या ओंजळीसमोर टाक धरतील, मग तो रुमालात बांधून डिसेंबरपर्यंत त्यांच्याकडे ठेवतील, आणि मी शेवटच्या जीपने मुरबाडला जाऊन रात्रीपर्यंत घरी पोचेन, आणि पर्समध्ये काही नसेल. या माणसांची मला अशी चीड आली की कानशिलं तापली. काकांची, ज्यांना वंश कळतो आणि साबण कळत नाही. पंकजची, ज्याने 'चालू द्या' म्हटलं. लॉरेनची, की हा प्रश्न विचारायला सात समुद्रांपलीकडून ओढणी घेतलेली बाई यावी लागली. आईची, की थांबली. आणि बाबांची, जे गोल डोळ्यांनी, मिशी लावून, काकांच्या चिमटीत लटकत होते आणि अजूनही काही सांगत नव्हते.

"ती म्हणते," मी म्हणाले, "बाबा योगिनीकडे राहत होते, तर आता तिच्याकडून का नेताय? योगिनीला विचारलं का?"

मी ते वर्गात वाचून दाखवावं तसं म्हटलं. मोहाचं एक पान आत्याच्या डोक्यावर पडलं, तिने ते काढलं.

"शानी हाय सून," आत्या म्हणाली.

"शानी हाय, पन भावकीतली नाय," काका म्हणाले.

"मी तरी कुठं हाय भावकीत? मला तर तुमीच लावून दिलीत. तरी निरांजन माज्याच हातात का?"

"तुला कुनी इचारलं का पारू?"

"नायच इचारलं. तेच म्हनते ती."

काकांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि माझ्याकडे वळले. म्हातारपणाने त्यांचे डोळे पाणावलेले असतात, त्यामुळे त्यांच्या मनात काय आहे ते कधीच कळत नाही. "योगिनी म्हंजे तूच ना?"

"हो."

"मंग तू बोल की. तिच्या तोंडून काय ऐकायचं आमी? दादा जाऊन किती दिस झाले, तू फोन केलास, इचारलंस टाक कुठं ठेवायचा. मी सांगितलं रीत काय ती. तुला काय पायजे ते तू कवा बोललीस?"

खरंच नव्हते बोलले. त्यांना विचारताना मी नियम विचारला होता, कार्यालयात विचारतात तसा. पंकजला बघू म्हटलं होतं. सोनाराला हूक नको म्हटलं होतं. बाबांना सहा वर्षं, मान खाली करा. मला एकदम काहीतरी मोठं आणि नीट बोलावंसं वाटलं, हक्काबद्दल, लेकीबद्दल, कागदावर लिहिलं असतं तर मी ते उत्तम लिहिलं असतं. तोंडाशी त्यातलं काहीच आलं नाही. स्वरूप पाटाकडे बघत होता. पडद्यावर पंकज होता, ओंजळ अजून वर धरलेली, तशीच रिकामी, आणि त्याला ती धरून ठेवायला किती जड जात असेल ते मला कळत होतं. मी त्याची मोठी बहीण. तो पडला की मीच उचलायचे.

"मला पाहिजेत," मी म्हणाले. आवाज भरून आला नाही, नुसता कोरडा आला, रागावल्यासारखा. "बाबा मला पाहिजेत. आईपण. माझ्याकडे, शहापूरला."

काकांनी टाक तसाच अधांतरी धरला होता. फोनमधून लॉरेनचा आवाज आला. ती पंकजला विचारत होती, काय म्हणाली ती, योगिनी काय म्हणाली?

पंकज आमच्याकडे पाहत राहिला. त्याला सोपं होतं. काही नाही, चालू दे, एवढं लॉरेनला म्हटलं असतं तरी पुरलं असतं. इथे ते फक्त मला कळलं असतं, आणि मी पुन्हा काही म्हणाले नसते हे त्याला ठाऊक आहे. त्याने एकदा मान वळवली, खिडकीकडे असावी, मग परत आणली. आणि इंग्रजीत, सावकाश, आधी एक वाक्य, मग दुसरं, त्याने सांगितलं. तिला बाबा हवेत. आईसुद्धा. तिच्या घरी. त्याने काहीही गाळलं नाही, आणि माझा तो कोरडा सूरसुद्धा त्याच्या आवाजात तसाच उतरला. सांगून झाल्यावर त्याने पडद्यासमोरची ओंजळ सोडली.